माणूस इथलाच पाहिजे!

“यंत्राला बाहेरच्याचा हात लागता कामा नये, आणि का ते विचारायचं नाही!” ...आता तुम्हीच सांगा, असं वाक्य कानावर पडल्यावर कुठल्याही शहाण्या माणसाच्या तोंडून पहिला शब्द कोणता निघेल? ‘का?’ हाच ना? माझ्याही निघाला. पाच वर्षांची होते मी. तर एट्टाआजीनं उत्तर म्हणून माझ्या तोंडात बिस्किट कोंबलं! तेव्हापासून आज एकोणीस वर्षं झाली, मी ‘का’ म्हणायला तोंड उघडलं की कोणीतरी त्यात काहीतरी कोंबतं. आमच्या घरात प्रश्नाला उत्तर मिळत नाही हो, खायला मिळतं!

आणि यंत्र म्हणजे काय, तर कॉफीचं. एस्प्रेसोचं. एवढंसं, मांजर बसल्याएवढं, स्वयंपाकघरातल्या संगमरवरी ओट्यावर. पितळेची टाकी, वर चकचकीत मुलामा, आणि काळ्या मुठीचा लांब दांडा... तो खाली ओढला की दाबानं पाणी कॉफीतून जातं आणि कपात ती मधासारखी धार पडते. आजोबांनी घेतलं अडुसष्ट साली. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि अख्ख्या सान जाकोमोमध्ये, म्हणजे आमच्या मोहल्ल्यात, कोणाच्या घरी असलं यंत्र नव्हतं. लोक खाली बारमध्ये जाऊन कॉफी प्यायचे. आमचे लिचोआजोबा त्रिएस्तेच्या बंदरावर कॉफीची पोती उतरवायचे, चाळीस वर्षं उतरवली, आणि ते म्हणाले, जगाची कॉफी मी पाठीवर वाहतो, माझ्या बायकोनं ती खाली बारमध्ये उभं राहून का प्यायची?

तर रोज दुपारी चार वाजता कॉफी. आजोबा दांडा ओढायचे. दांडा ओढणं हे पुरुषाचं काम! बाकीचं किरकोळ... म्हणजे कॉफी दळायची, भरायची, दाबायची, कप गरम करायचे, सांडलेलं पुसायचं... ते ब्रुनाआजीचं. आणि कोणी पाहुणा आला की आजोबांचं ठरलेलं भाषण सुरू. “सत्तावन्न वर्षं! एक स्क्रू ढिला झाला नाही! एका माणसाचा हात लागला नाही! असं लोखंड राहिलं नाही आता.” आणि मागे उभी राहून आजी कप पुसत म्हणायची, “खरंय, लिचो.”

फेब्रुवारीत आजी गेली.

आजोबा रडले नाहीत. अंत्यविधीला इतका वारा होता, आमचा तो बोरा वारा, सगळ्यांच्याच डोळ्यांत पाणी होतं, पण आजोबांच्या नाही. फक्त त्या दिवशी चार वाजता कोट न काढता ते स्वयंपाकघरात गेले आणि पहिल्यांदा त्यांनी दोन्ही कामं केली. निम्मी पावडर जमिनीवर. पण केली. मग रोज करायला लागले. तुम्हाला सांगते, तो माणूस सकाळी उठायचा तो चार वाजायची वाट बघायला उठायचा.

आणि मे महिन्यात यंत्र बंद पडलं.

सुंईऽऽ असा आवाज, जळका वास, अख्ख्या घराची वीज गेली. पुन्हा आली तरी यंत्र थंड. आजोबांनी दांडा ओढला, तो नुसता कागदासारखा खाली आला. पुन्हा वर केला, पुन्हा ओढला. मग फडक्याला हात पुसले, ते फडकं चार घड्या करून ठेवलं आणि आपल्या खोलीत पलंगावर जाऊन बसले. तेव्हापासून स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला नाही. दोन महिने! काय पितात माहितीये? कॅमोमाइल! फुलांचा काढा! बंदरावर चाळीस वर्षं कॉफी उतरवलेला माणूस, आजारी बाळाला देतात तो काढा पितो, तोही निम्मा ठेवतो. पट्ट्याला खिळ्यानं नवीन भोक पाडलं, मग आणखी एक. मी म्हटलं, आजोबा, नवीन यंत्र आणू या का? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना दुसरं लग्न सुचवलं.

मग काय, दुरुस्ती! दुसरा मार्गच नाही. आणि इथे आमच्या घरातली दोन थोर माणसं पुढे सरसावली. एक एट्टाआजी, आजोबांची धाकटी बहीण. वय एक्क्याऐंशी, राहते खालच्या मजल्यावर, असते वरच्या. आणि दुसरा तुलिओमामा. हा दर रविवारी जेवायला येतो आणि जेवण पचेपर्यंत मतं देतो. आई जहाजावर स्वयंपाक करते, पंधरा पंधरा दिवस घरी नसते, म्हणजे या दोघांच्या तावडीत मी एकटी. मी म्हटलं, दुरुस्त करणारा शोधते. तर दोघं एका सुरात, “माणूस इथलाच पाहिजे!”

इथला म्हणजे? “इथला म्हणजे इथला!” मामा म्हणाला. “आणि तू एवढी पदवी घेऊन बसलीयेस, तुलाच का करता येत नाही?” मामा, माझी पदवी समुद्रशास्त्राची आहे! “मग? पाण्याचंच शिकलीस ना? यंत्रात पाणी का चढत नाही तेवढं सांग!” ...याला काय बोलायचं? सांगा ना, काय बोलायचं?

बरं, मी म्हटलं की आतमध्ये क्षार साचला असेल, आपल्याकडचं पाणी बघा किती जड, किटलीत बघा, नळाच्या तोटीत बघा, उघडून साफ करायला पाहिजे. तर एट्टाआजी छातीवर हात ठेवून म्हणते कशी, “उघडायचं? अगं, ब्रुना गेली म्हणून त्यानं प्राण सोडला! दुःखात आहे ते!” यंत्र दुःखात आहे! मी म्हटलं, आजी, तारेचं वेटोळं जळलंय त्याचं. “दुःखानंच जळतं,” ती म्हणाली.

तर पहिला इथला माणूस. ऊच्चो. आमच्याच गल्लीत त्याचं इस्त्र्या, रेडिओ, मिक्सर दुरुस्तीचं दुकान होतं. होतं म्हणजे, तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. ऊच्चो नव्वद वर्षांचा. हात असे थरथरतात की कप धरला तर आपल्याला वाटावं जहाजात बसलोय. पण इथला! एट्टाआजी त्याला हाताला धरून तीन जिने चढवून घेऊन आली. अर्धा तास लागला. आल्यावर अर्धा तास दम खाल्ला. मग उठला, यंत्राजवळ गेला, आणि त्यानं काय करावं? कान लावला! टाकीला! डोळे मिटून! आम्ही सगळे श्वास रोखून उभे. एट्टाआजीनं क्रूसाची खूण केली. मग ऊच्चोनं डोळे उघडले आणि निदान सांगितलं, “विश्रांती द्या.”

विश्रांती! यंत्राला! “पंधरा दिवस. वर कापड टाका. आणि बोलू नका त्याच्यासमोर दुरुस्तीचं.” आणि तुम्हाला खोटं वाटेल, पंधरा दिवस आमच्या स्वयंपाकघरात त्या यंत्रावर पांढरा रुमाल आणि सगळे कुजबुजत बोलतायत! मी काटा खाली ठेवला की एट्टाआजी, “श्शऽऽ!” पंधरा दिवसांनी रुमाल काढला. यंत्राची विश्रांती झाली होती. चालत नव्हतं, पण ताजंतवानं दिसत होतं.

मग मी कंपनीला फोन लावला. अमुक पाहिजे तर एक दाबा, तमुक पाहिजे तर दोन दाबा, मी सगळे दाबले. चाळीस मिनिटांनी एक गोड आवाजाची बाई आली. मॉडेल सांगितलं. “मॅडम, हे आमच्या यादीत नाही.” मी म्हटलं, तुमच्या यादीत नसेल, माझ्यासमोर आहे. “मॅडम, यादीत नाही म्हणजे हे यंत्र अस्तित्वातच नाही. मी तुम्हाला आमच्या नवीन कॅप्सूलच्या यंत्राची माहिती देऊ का?” तेवढ्यात खोलीतून आजोबांचा आवाज, बारीक, “कोण आहे गं? मिळाला का माणूस?” ...त्या ‘मिळाला का’ मध्ये जे होतं ना, ते ऐकून मी त्या गोड बाईवर फोन आपटला. तिचा काही दोष नव्हता. पण आपटला.

मग बारमधल्या दारिओनं नाव दिलं एकाचं, मोन्फाल्कोनेचा, बारवाल्यांची मोठी यंत्रं दुरुस्त करतो. मी आनंदानं घरी. “मोन्फाल्कोने?” एट्टाआजीनं ते नाव असं उच्चारलं की जणू मंगोलिया. “तीस किलोमीटर! त्याला काय कळणार आपलं पाणी, आपली कॉफी? माणूस इथलाच पाहिजे!” बरं, उदिनेत एक आहे. तर मामा हसायलाच लागला. “उदिने! उदिनेचा माणूस आणि कॉफी!” काय हसला, काय हसला. का हसला ते त्यालाही सांगता येईना. मी विचारलंच, ‘का?’ त्यानं माझ्या ताटात आणखी एक बटाटा वाढला.

आणि इकडे जून संपला. एक दिवस मी चार वाजता आजोबांच्या खोलीत डोकावले. पलंगावर बसलेले. समोर भिंत. आणि उजवा हात... हवेत, असा वर, आणि हळू खाली. दांडा ओढतात तसा. मी दारातूनच परत फिरले.

त्या संध्याकाळी मी तडक दारिओकडे. म्हटलं, दारिओ, मला माणूस पाहिजे. इथला, तिथला, चंद्रावरचा, कसलाही. दारिओनं इकडे बघितलं, तिकडे बघितलं, जसं काही चोरीचा माल विकतोय, आणि हळूच म्हणाला, “वर झोरा आहे की.” कोण झोरा? “पेर्तोत. वर पठारावर, त्रेब्चे गावात. गॅरेजमध्ये बसते. अर्ध्या त्रिएस्तेची यंत्रं तिच्याकडे जातात गं. माझंही तिनंच केलं. फक्त कोणी सांगत नाही.” किती लांब? “आठ किलोमीटर.”

आठ! काखेत कळसा आणि मी मोन्फाल्कोनेला वळसा घालतेय!

घरी येऊन सांगितलं. आणि काय शांतता पसरली म्हणता! छे, कसली शांतता, दोघं एकदम बोलायला लागले. “वरची?” “बाई?” “स्लोव्हेनियन आहे ती!” “बाईच्या हातात पाना?” “ती आपल्यातली नाही!” आणि शेवटी, अर्थातच, हातात हात घालून, “माणूस इथलाच पाहिजे!”

आता माझं डोकं फिरलं. म्हटलं, मामा, दर रविवारी जेवण झालं की कुठे जातोस तू? त्याच पठारावर ना? रस्त्यावर हिरवी फांदी टांगलेली दिसली, म्हणजे त्या शेतकऱ्याकडे खायला-प्यायला मिळतं, की गाडी आत घालतोस, त्यांच्या अंगणात बाकावर बसतोस, त्यांचं हॅम खातोस, त्यांची उकडलेली अंडी खातोस, त्यांची वाइन लिटरनं पितोस आणि परत येऊन म्हणतोस, वा, आपल्या इथल्यासारखं हॅम जगात नाही! हॅम इथलं? वाइन इथली? मग पाना तेवढा परदेशी? मामा म्हणाला, “हॅमची गोष्ट वेगळी.” कशी वेगळी? “खाऊन संपतं ना ते!”

आणि एट्टाआजी, तू! तुम्ही कुठले? पिरानोचे, जे आज सीमेपलीकडे आहे. कधी आलात? चोपन्न साली, बोटीनं, चार खुर्च्या आणि एक शिवणाचं मशीन घेऊन. आजोबा तेरा वर्षांचे, तू दहाची. तेव्हा इथल्या लोकांनी तुम्हाला काय म्हटलं होतं? तूच सांगतेस ना दर ख्रिसमसला, की शाळेतल्या पोरी म्हणायच्या, आल्या बाहेरच्या? एट्टाआजीनं पर्स उचलली. मग म्हणाली, “मी येणार बरोबर. यंत्र एकटं सोडणार नाही तिच्याकडे.” बघा, या घरात कोणी ‘हो’ म्हणत नाही. पण ‘मी येणार बरोबर’ म्हणतात, ते आपण समजून घ्यायचं.

गुरुवारी दुपारी आजोबा झोपले होते. मी यंत्र जुन्या चादरीत गुंडाळलं. मामा गाडी घेऊन आला, वाटेत हॅमचं बघता येईल म्हणून. एट्टाआजी मागच्या सीटवर, यंत्र मांडीवर, चढावाच्या प्रत्येक वळणाला, “हळू रे, त्याला मळमळतं!”

झोराचं गॅरेज. पन्नाशीची बाई, केस वर बांधलेले, कानामागे पेन्सिल, हात काळे कोपरापर्यंत. रेडिओवर त्यांच्या भाषेत कोणीतरी हवामान सांगत होतं. आणि भिंतीभर यंत्रं! ओळीनं! मामानं हळूच एकाला ओळखलं, “हे... हे आमच्या दंतवैद्याचं आहे!” झोरा म्हणाली, “इथे कोणाचं काय आहे ते बोलायचं नाही, दवाखाना आहे हा.” मग एट्टाआजीकडे वळली. ती दारातच, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून. “बसा आजी. तुम्हाला नाही हात लावत, फक्त यंत्राला लावते.”

एट्टाआजी स्टुलाच्या कडेवर टेकली. जेमतेम. आणि लगेच चौकशी. “तुम्ही इथे कधीपासून?”

“आम्ही?” झोरानं चादर सोडता सोडता म्हटलं. “आम्ही इथे कधी आलो ते आता कोणालाच आठवत नाही. तुम्ही?”

“...चोपन्न साली,” एट्टाआजी म्हणाली.

“बरं झालं आलात,” झोरा म्हणाली. एवढंच. त्यात टोमणा नव्हता हो, मी नीट ऐकलं. एट्टाआजीनं टोमणा शोधला, मिळाला नाही, मग जरा सरकून पूर्ण स्टुलावर बसली.

चादर सुटली. झोरानं यंत्र बघितलं, मान तिरकी केली, म्हणाली, “हे मी पाहिलंय.”

“शक्यच नाही!” एट्टाआजी ताडकन. “सत्तावन्न वर्षांत या यंत्राला बाहेरचा हात लागलेला नाही. एक स्क्रू ढिला झाला नाही!”

“असं?” झोरानं यंत्र आडवं केलं आणि बुडाचे चार स्क्रू काढले. बुडाचं झाकण हातात घेतलं. ते आतून उजेडाकडे धरलं. आणि मग आपलं काम सोडून नुसती बघत राहिली. “या,” मला म्हणाली, “वाचा.”

या दुरुस्तीवाल्यांची रीत असते म्हणे. यंत्र दुरुस्त केलं की झाकणाच्या आत, कोणाला दिसणार नाही अशा जागी, टोचणीनं साल आणि आपली अक्षरं कोरायची. पुढच्या कारागिराला कळावं म्हणून. तर तिथे, आतल्या पत्र्यावर, बारीक अक्षरात, एकाखाली एक... १९७४. १९८१. १९८८. १९९७. पुढे यो. पे. “हे माझे वडील. योझे पेर्तोत.” त्याखाली २००७ आणि २०१७. पुढे झो. पे. “ही मी.”

सहा वेळा!

“निळं ब्लँकेट!” झोरा एकदम म्हणाली. “निळ्या ब्लँकेटमध्ये घेऊन यायच्या त्या बाई! बुटक्या, लोकरीची टोपी. बसनं यायच्या, गुरुवारी. सकाळी ठेवायच्या आणि म्हणायच्या, तीनच्या आत दे गं, चार वाजता ते घरी येतात. दुरुस्ती होईपर्यंत आमच्या आईशी बोलत बसायच्या, आणि जाताना डझनभर अंडी घेऊन जायच्या. कशा आहेत त्या?”

मामा भिंतीवरची यंत्रं मोजायला लागला. मग मीच सांगितलं. झोरानं रेडिओ बंद केला.

अंडी! तुम्हाला सांगते, मला हे ठाऊक होतं! लहानपणापासून ठाऊक होतं! आजी कधीतरी एखाद्या गुरुवारी ‘वर अंड्यांना’ जायची. आजोबा आधी बंदरावर, पुढे पेन्शनीत गेल्यावर गुरुवारी क्लबात पत्ते कुटायला. आणि ही बाई पाच-सहा किलोचं पितळ ब्लँकेटमध्ये घालून बसनं डोंगर चढायची, आणि चार वाजता मागे उभी राहून कप पुसत म्हणायची, “खरंय, लिचो!”

झोरानं टाकी उघडली आणि लाकडी हातोडीनं ठोकली. आतून टेबलावर पडला पांढरा दगड. चुरा नाही हो, दगड, चकत्या, खपल्या, मूठभर. “यानंच कॉइल जळाली, बाकी काही नाही,” ती म्हणाली. “दर सात-दहा वर्षांनी होतं. बाईंना कळायचं, दांडा जड व्हायला लागला की आणायच्या. हा आमचा चुनखडीचा डोंगर. पाण्यात विरघळतो, खाली तुमच्या नळाला येतो, इथे साचतो.” मी त्यातली एक खपली उचलून एट्टाआजीच्या हातावर ठेवली. म्हटलं, घे, इथलाच पाहिजे होता ना? हा बघ, याच्याइतकं इथलं काही नाही! सत्तावन्न वर्षं यांचाच डोंगर कपात घालून पिताय तुम्ही!

एट्टाआजीनं ती नखानं खरवडून बघितली. तिनं ती खपली पर्समध्ये टाकली. कशाला, ते विचारू नका.

झोरानं नवी कॉइल बसवली, रबरं बदलली, आणि शेवटी टोचणी घेऊन साल कोरलं. सातवं. मग थोडी कॉफी भरून मामाला म्हणाली, “ओढून बघा.” मामानं ओढलं. आणि आला की हो जोर! दांडा असा अडून अडून खाली आला, मामाच्या तोंडाचा आ झाला. आणि त्या वासानं... जाऊ दे.

गाडीत मात्र दोघांची खलबतं सुरू झाली. “पपांना काय सांगायचं?” मामानं विचारलं. “काहीही सांगायचं नाही!” एट्टाआजी म्हणाली. “सहा वेळा! अरे, तो माणूस सत्तावन्न वर्षं अख्ख्या मोहल्ल्याला सांगतोय. त्याला कळलं तर मोडून पडेल. ऊच्चोच्या भाच्यानं केलं म्हणायचं.” ऊच्चोला भाचा नाही, मी म्हटलं. “आता आहे!” मग मी गप्प बसले. आणि गंमत बघा, दुसरा गप्प बसला की या लोकांना वाटतं तो ‘हो’ म्हणाला.

घरी पोचलो तेव्हा पावणेचार. यंत्र ओट्यावर ठेवलं, चालू केलं. पाणी तापायला लागलं की ते आधी कुरकुरतं, मग पुटपुटतं, मग एक लांब सुस्कारा सोडतं. सुस्कारा सोडला आणि आतल्या खोलीतला पलंग वाजला. आम्ही तिघं भिंतीला चिकटून उभे. आजोबा आले. नुसते मोजे घातलेले, पट्टा शेवटच्या भोकावर. उंबऱ्यावर थांबले. मग आत आले. कोणाकडे बघितलं नाही. कॉफी दळली. भरली. दाबली. दांडा धरला आणि ओढला, आणि दांड्यानं त्यांना उलट ओढलं, तेव्हा त्यांच्या मानेची शीर अशी ताठ झाली, आणि धार पडायला लागली, सावकाश, काळी, मग तांबूस.

उभ्यानंच प्यायले. डोळे मिटून. “जरा जळकी आहे,” म्हणाले. “छान आहे.”

बस्स. दोन महिन्यांनी. मी भिंतीकडे तोंड केलं, मला काय तिथे पाल वगैरे दिसली असं समजा.

“कोणी केलं?” आजोबांनी विचारलं. “माणूस इथलाच ना?”

“इथलाच, पपा!” मामा म्हणाला. “आपल्या ऊच्चोचा भाचा.”

आजोबांचा चेहरा असा फुलला! “बघ! सांगत नव्हतो? इतकी वर्षं कोणाचा हात लागला नाही, आणि लागला तो आपल्याच माणसाचा! अलिदा, जा, खाली दारिओला सांगून ये. म्हणावं, पहिल्यांदा उघडलं, सत्तावन्न वर्षांत पहिल्यांदा, आणि आतून नव्यासारखं निघालं!”

“जा ना गं,” एट्टाआजीनं मला कोपर मारलं. “सांग जा. एवढंच तर म्हणतोय तो.”

आणि खरंच, एवढंच तर होतं! माणूस हसत होता, कप हातात होता, एक भाचा खोटा, कोणाचं काय गेलं असतं? पण तुम्हाला सांगते, माझ्या डोळ्यांसमोर ती टोपी आली. लोकरीची. बसमध्ये, खिडकीशी, मांडीवर ब्लँकेट.

“नाही,” मी म्हटलं. “मी नाही सांगणार.”

“अलिदा!” एट्टाआजी.

“नाही! ऊच्चोला भाचा नाही. आजोबा, वर त्रेब्चेत झोरा पेर्तोत आहे, तिनं केलं. त्याआधी दोन वेळा तिनंच केलं, आणि त्याआधी चार वेळा तिच्या वडिलांनी. साल कोरलंय आत, उलटं करून बघा. चौऱ्याहत्तर सालापासून आजी नेत होती. निळ्या ब्लँकेटमधून. अंडी आणायला जाते म्हणून सांगून. तुम्ही बढाई मारायचात ना, लोखंड किती पक्कं म्हणून, ती तुमची बढाई ती दर सात-दहा वर्षांनी डोंगरावर नेऊन तेलपाणी करून आणायची! तिनं ते तुमच्यासाठी लपवलं, ते तिचं तिनं केलं. मी नाही लपवणार. मी नाही, आजोबा. तिनं काय केलं ते कोणालाच कळलं नाही असं मी होऊ देणार नाही!”

एका दमात. मग दम संपला.

आजोबांनी कप ठेवला. यंत्राला हात लावला, टाकीच्या खाली, बुडाशी, आणि तो हात तिथेच. गरम असतं हो तिथे. काढला नाही.

“बसनं?” म्हणाले.

“बसनं.”

“तिचे गुडघे दुखायचे,” आजोबा म्हणाले.

आणि मग गप्प. आजोबा गप्प. एट्टाआजी, जिनं झोपेतसुद्धा कधी माघार घेतली नाही, ती पर्स पोटाशी धरून गप्प. मामा, जेवण पचलेलं नसताना, गप्प! कोणी मला कार्टे म्हणालं नाही. कोणी माझ्या तोंडात काही कोंबलं नाही. चोवीस वर्षं, तुम्हाला सांगते, चोवीस वर्षं मी एकाच गोष्टीची वाट बघत होते, की मी काहीतरी बोलेन आणि ही माणसं एकदा, फक्त एकदा, ऐकून गप्प बसतील. बसली. सगळी. एक मिनिट झालं, दोन झाली, पाच झाली... आणि आता मीच मधोमध उभी आहे, ओठ चावत, डोळे पुसत, की अरे, कोणीतरी बोला ना!